दादाचं घड्याळ

आज घड्याळातला गंजलेला सेल काढला आणि त्या वासाने मी नोएडातल्या जुन्या फ्लॅटमध्ये पोचलो. तिथे भिंतीवर दोन घड्याळं होती, एक आपलं, एक अमेरिकेतल्या दादाच्या वेळेचं. दादाच्या घड्याळात रात्रीचे आठ वाजले की बाबा त्याला फोन करत.

एकदा दादा फोनवर मला म्हणाला, “यार, ते घड्याळ दोन तास पुढे कर. मग आम्ही घरी नसताना फोन येईल, निरोप टेप करणारं मशीन घेईल तो.” तिकडे वेळ बदलली, असं बाबांना सांगून मी काटे फिरवले.

मग गणिताचे मास्तर असलेले बाबा पहाटेच आंघोळ करून मशीनशी बोलत. एकदा पेपरच्या कडेला दोन्ही घड्याळांच्या वेळांची आकडेमोड करून म्हणाले, “ताळा जुळत नाही रे.”

मी चहात बिस्किट बुडवत म्हणालो, “वय झालं, बाबा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिकवणीच्या मुलांना येऊ नका म्हणून सांगितलं.