बैलाचं खाणं

हुलग्याचा वास मला आजही सोसत नाही. हुलगे शिजायला लागले की तो ओल्या गोणपाटासारखा घरभर पसरतो आणि माझं नाक आपोआप मुरडतं. माझं माहेर देवळाली प्रवराचं, उसाचं, पाण्याचं. आमच्याकडे हुलगे शिजायचे ते गोठ्यासाठी. सासर जामखेडकडचं, कोरडवाहू. तिथे याच हुलग्याच्या पिठाच्या बोटाएवढ्या वळ्या करून लसूण-मिरचीच्या पाण्यात उकळतात. त्याला शेंगोळे म्हणतात आणि कौतुकाने आजारी माणसाला वाढतात. लग्न ठरवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याची नोकरी नागापूरच्या कारखान्यात, म्हणून आम्ही तिथेच एका खोलीत राहायचो. मी तापाने पडले आणि तीन दिवस पोटात घोटभर पाणी ठरेना. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही टिकलं नाही तर भरती व्हावं लागेल. दवाखान्याच्या नुसत्या नावाने माझं पाणी पाणी व्हायचं. नवरा पाळीवर गेलेला आणि सोबतीला गावाहून आलेल्या सासूबाई; मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. येताना त्यांनी पिशवीत हुलग्याचं पीठ आणलं होतं.

ते पीठ दिसताच मी हट्टाने उठले आणि नूडल्सचं पाकीट फोडलं. पाणी जास्त घातलं, म्हणजे सूप होईल. झालं काय, तर पिवळट पाणी, वर तेलाचे ठिपके आणि आत फुगून पांढुरक्या पडलेल्या अळ्या. चार घास गेले आणि सगळं बाहेर आलं, निम्मं गोधडीवर, निम्मं फरशीवर. मला स्वतःचीच शिसारी आली. सासूबाईंनी फडकं घेतलं, सगळं पुसलं, गोधडी धुतली. मग हात घासून धुतले आणि परातीत पीठ घेतलं.

लसणाची फोडणी बसली आणि मागोमाग तो वास आला. मी आईला फोन लावला. ओट्यापासून माझी खाट चार पावलांवर. जिभेला हाड नव्हतंच.

"आई, बैलाला घालतो ते मला खायला घालतायत गं. किळस येते मला यांच्या घरच्या खाण्याची."

तळव्यांवर वळी वळणारे हात थांबले. क्षणभरच. मग पुन्हा चालू झाले.

त्यांनी वाटी आणली. "वळ्या नगं खाऊस. नुसतं पानी पी."

मी नाक दाबून, डोळे मिटून प्यायले. तपकिरी, दाटसर, घशाला तिखट. आता येईल उलटी, मग येईल, म्हणत पडून राहिले. आली नाही. घाम फुटला आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, अंग हलकं होतं आणि कधी नव्हे ती कडकडून भूक लागली होती. दवाखाना टळला होता. मी उठून ओट्याशी गेले. पातेलं घासून पालथं घातलेलं.

"आत्याबाई, शेंगोळे उरले नाहीत का?"

"दारात गाय आल्ती, तिला घातले. म्हनलं, जनावराचं खानं हाय, जनावराच्या तोंडी जाऊ द्यावं."

आवाज चढवलेला नव्हता. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या हुलग्याच्या वासापेक्षा, त्या ओकलेल्या नूडल्सपेक्षा जास्त किळस मला माझ्या तोंडाची आली. मी पिठाची पिशवी खाली घेतली आणि परात पुढे ओढून बसले. "मला वळायला शिकवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

"आधी हात धुऊन ये," त्या म्हणाल्या.