रविवारी बघायचं नसतं

मर्डिना मॅकअस्किल वयाच्या चौसष्टाव्या वर्षी शिडाच्या बोटीवर बिनपगारी देवमासे मोजायला निघाली, तेव्हा आमच्या हामर्से गावात दोन तट पडले. एक म्हणत होता ती दोन दिवसांत परत येईल, दुसरा म्हणत होता एका दिवसात. ती दहाच्या दहा दिवस टिकेल असं म्हणणारं कुणीच नव्हतं. तिचा नवरा डॉनी असता तर तोही म्हणाला नसता. जन्मभर मासेमारी केली त्या माणसानं, पण बायकोला कधी होडीत पाय ठेवू दिला नाही. बाई चढली की मासे पळतात म्हणे!

पण मर्डिना जात होती त्याला कारण होतं, आणि ते कारण गावानंच तिला दिलं होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मर्डिना तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सोमवार होता. सकाळपासून धुकं, त्यामुळे एकही होडी बाहेर पडली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत धुकं उठलं आणि खिडकीतून तिला खाडीत ऑर्का, म्हणजे काळापांढरा शिकारी देवमासा, दिसला. चांगला माणसाएवढा उंच पर पाठीवर, आणि त्या पराला मागच्या बाजूनं घास घेतल्यासारखी खाच. बाईनं हातातला झारा टाकला, चाळीस पोरं जेवणावरून उठवली आणि किनाऱ्यावर पळवत नेली. तिथे काय होतं? मासेपालनवाल्यांचा सुटून आलेला काळा पाइप! लाटांवर मजेत डुलत होता. मागे स्वयंपाकघरात मासळीचा कोळसा झाला, आणि त्या दिवसापासून तिचं नाव पडलं ‘मर्डिना पाइप’.

आमच्याकडे एकदा नाव पडलं की ते थडग्यापर्यंत सोबत करतं. सगळ्यांत जास्त हसायचा तो तिचा मोठा दीर तोर्मोद. हा चर्चच्या पंचांपैकी एक, एरवी वर्षातून दोनदा हसणार, पण मर्डिना दिसली की हमखास विचारणार, “काय मर्डिना, आज किती पाइप आले खाडीत?”

“एक आलाय,” ती म्हणायची. “माझ्यासमोर उभा आहे.”

तोंडानं कमी नव्हती ती. पण घरी जाऊन रडायची, हे मला ठाऊक आहे. तिनं ऑर्का पाहिला होता आणि तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता, एवढंच तिचं दुखणं होतं. म्हणून ‘फुल्मार’ नावाच्या संशोधनाच्या बोटीवर स्वयंसेवक हवेत असं वाचलं आणि तिनं अर्ज ठोकला. अनुभव काय, या रकान्यात लिहिलं, ‘शाळेच्या स्वयंपाकघराची खिडकी, एकोणतीस वर्षं.’ खाली आणखी एक ओळ, ‘रविवारी मी काम करणार नाही.’ आमच्या चर्चमध्ये रविवार म्हणजे देवाचा दिवस, काम तर पाप आहेच, पण बाहेर मौजेनं टक लावून बघणंही पाप.

बोटीची कप्तान इशबेल. चाळिशीची, उन्हावाऱ्यानं रापलेली, शास्त्रज्ञही तीच आणि इंजिनात हात घालणारीही तीच. तिनं पहिल्या दिवशी नियम सांगितले. डोलकाठीपाशी दोघं दोन बाजूंना दुर्बीण घेऊन उभे राहणार. देवमासा, डॉल्फिन किंवा त्याहून छोटा पॉरपॉइज, काही दिसलं की ओरडायचं, काय दिसलं, कोणत्या दिशेला, किती लांब. मागे दोरीला पाण्याखालचा माइक, तो दर पंधरा मिनिटांनी ऐकायचा. दिसलं ते वहीत, नाही दिसलं तर ‘काही नाही’ हेही वहीत.

“आणि ऑर्का दिसला तर?” मर्डिनानं विचारलं.

“फोटो हवा, नाहीतर दोघांनी पाहिलेला हवा. मग पाहणाऱ्याचं नाव वहीत, आणि ती वही कायमची.”

कायमची! मर्डिनानं दुर्बीण तेव्हाच गळ्यात अडकवली.

आणि मग सहा दिवस, मधला एक रविवार सोडला तर, तिला नुसतं उधाण आलं होतं. सोबत आणखी दोघं होते, वेल्समधली नेरिस नावाची विद्यार्थिनी आणि ग्लासगोचा निवृत्त बस ड्रायव्हर बर्टी. बर्टीला बोट लागली. तो पहिले दोन दिवस बादली मांडीवर घेऊन बसला होता आणि मर्डिना त्याला आल्याची बिस्किटं भरवत होती. हिला मात्र काही म्हणजे काही झालं नाही. बोट कलंडली की ही खिदळायची. शीड फडफडलं की टाळ्या वाजवायची. रक्तपुडिंग म्हणतात त्या रक्ताच्या सॉसेजचा भाजलेला काप पावात घालून एका हातात, दुसऱ्या हातात दुर्बीण, आणि तोंडानं अखंड आरोळ्या!

“डावीकडे! पॉरपॉइज! दोन! नाही, तीन! तिसरं पिल्लू आहे गं, शिंकलं बघ कसं!”

“अंतर सांगा, मर्डिना!” खालून नेरिस ओरडायची.

“आमच्या घरापासून पेगीच्या दुकानाएवढं!”

“मीटरमध्ये!”

“दोनशे! आणि पिल्लू गोड आहे, तेही लिही!”

“गोडचा रकाना नाही.”

“मग आखून घे की!”

इशबेल सुकाणूवर हसून हसून वाकडी व्हायची. मिंकी देवमासा दिसला, डॉल्फिनचा तांडा बोटीच्या पुढ्यात नाचून गेला, तेव्हा मर्डिना पालथी पडून त्यांच्याशी चक्क आमच्या गेलिक भाषेत गप्पा मारत होती. चौसष्ट वर्षं या समुद्राच्या काठी काढली आणि तो आतून असा आहे हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं तिला झालं होतं. डॉनीची आठवण आली की म्हणायची, “लबाडा! एवढी मजा एकट्यानं मारलीस होय रे!”

पण ऑर्का? नाव नाही. सातवा दिवस गेला, आठवा गेला. वहीत ‘ऑर्का’ या शब्दापुढे कोरं. नववा दिवस रविवार होता आणि दहाव्या दिवशी, सोमवारी, तिला उतरायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी वारा दक्षिणेचा सुटला आणि इशबेलनं नकाशावर बोट ठेवलं. “आसऱ्याला एकच खाडी आहे, हामर्से. उद्या तिथेच नांगर टाकून राहू. तुमचा रविवारही पाळला जाईल.”

“दुसरी एखादी खाडी नाही का गं?” मर्डिनाचं तोंड एवढंसं झालं.

“का? तुमचंच गाव ना?”

“म्हणूनच तर!”

रिकाम्या हातानं गावात शिरायचं, तेही एक दिवस आधी! त्यापेक्षा बोटीवर राहिलेलं बरं, असं ठरवून तिनं शनिवारीच रविवारचे बटाटे सोलून ठेवले आणि झोपली.

रविवार सकाळ. वारा पडलेला, पाणी तेलासारखं गुळगुळीत. एकही होडी हलत नव्हती, दोरीवर एकही कपडा नव्हता. चर्च समोर, हाकेच्या अंतरावर, पण जाणार कसं? छोटी होडी वल्हवायची म्हणजे काम. मोटर लावायची म्हणजे तर सगळ्या गावाच्या कानाशी काम! मर्डिना काळा कोट घालून, हातात स्तोत्रांचं पुस्तक घेऊन डेकवर बसली. बर्टी खाली घोरत होता, नेरिस कानात बोळे घालून पडली होती, इशबेल इंजिनापाशी खाटखुट करत होती. दुर्बीण आणि कॅमेरा खुंटीला. मर्डिनानं त्यांच्याकडे पाठ केली होती.

आणि खाडीच्या तोंडातून तो आत आला.

आधी पर. काळा, माणसाएवढा, मागच्या बाजूनं खाच, टोक डावीकडे वाकलेलं. मग पाठ, मग डोळ्यामागचा पांढरा पट्टा. सावकाश, घरच्यासारखा, सरळ बोटीकडे येत होता.

ओरडावं? ओरडणं म्हणजे नोंद, नोंद म्हणजे काम, आणि अर्जावर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. कॅमेरा घ्यावा? छे! मग ती खोकली. कुणी हललं नाही. तिनं टाच आपटली. बर्टीनं कूस बदलली. ऑर्का साठ मीटरवर, पन्नास मीटरवर. आता हा वळून गेला तर आपण मरेपर्यंत पाइप, हे तिला लख्ख दिसत होतं.

रविवारी करायला मोकळीक असलेली मोठ्या आवाजाची एकच गोष्ट जगात आहे. ती म्हणजे स्तोत्र.

आता आमच्याकडे स्तोत्र पुरुष उचलतो. पंचांपैकी कुणीतरी पुढे बसून एक ओळ म्हणतो आणि मग सगळे ती लांबवत जातात. बाईनं ओळ उचललेली आमच्या पणजोबांनीही ऐकली नसेल. पण दोन पापांतलं लहान कोणतं याचा हिशेब मर्डिनानं एका श्वासात केला, उभी राहिली आणि जे काही छातीत होतं ते सगळं लावून पहिली ओळ उचलली. शाळेतल्या चाळीस पोरांना जेवायला हाक मारून कमावलेला आवाज तो! डोंगरावरची मेंढरं उठून उभी राहिली.

ओळ संपली. रीतीप्रमाणे ती थांबली, मंडळींनी साथ द्यावी म्हणून. मंडळी झोपलेली. पण बोटीच्या अगदी बाजूला ऑर्कानं वर येऊन फुस्सकन श्वास सोडला.

“देवा!” मर्डिना म्हणाली, आणि दुसरी ओळ आणखी वरच्या पट्टीत उचलली.

“कोण मेलं?” इशबेल काळ्या हातांनी धडपडत वर आली. तिनं बाईकडे पाहिलं, बाईनं गाता गाता भुवयांनी पाण्याकडे खुणावलं, आणि इशबेलनं किंचाळी मारली. मग काय, नेरिस आली, बर्टी विजार सावरत आला, कॅमेरे कडकडले, आणि ऑर्का दोनदा बोटीभोवती फिरून, पुरेपूर दर्शन देऊन निघून गेला. मर्डिना गातच होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती मधूनच हसत होती.

थोड्या वेळानं इशबेल वही घेऊन तिच्याशेजारी बसली. “पहिल्यांदा पाहिला कुणी?”

“मी स्तोत्र म्हणत होते.”

“म्हणताना डोळे उघडे होते?”

मर्डिनानं स्तोत्रांचं पुस्तक मिटलं. “होते.”

“मग नाव लिहू? की माझं टाकू? तारीख आजची पडणार, मर्डिना. ही वही कुणीही मागून बघू शकतं.”

आजची तारीख म्हणजे रविवार, हे मोजायला तोर्मोदला दोन मिनिटं लागली असती. पाइप म्हणून मरायचं की रविवार मोडणारी म्हणून? तिनं चर्चकडे पाहिलं. मंडळी बाहेर पडत होती.

“माझं लिही,” ती म्हणाली. “मी पाहिला. मॅकअस्किल नीट लिही हं.”

सोमवारी सकाळी इशबेल तिला सोडायला आली, आणि दोघी दूध घ्यायला पेगीच्या दुकानात शिरल्या. दुकान गच्च भरलेलं आणि चिडीचूप. तोर्मोद वर्तमानपत्र घेऊन गल्ल्यापाशी उभा.

“काल खाडीत एक बाई स्तोत्र उचलत होती म्हणे,” तो म्हणाला.

“मीच ती. आणि नुसती उचलत नव्हते, बघतही होते.” मर्डिनानं बोटीवर छापून घेतलेला फोटो पिशवीतून काढून गल्ल्यावर आपटला. “हा घे माझा पाइप! वहीत नाव आहे माझं. आता काढ मला चर्चमधून!”

तोर्मोदनं चष्मा लावला. फोटो लांब धरला, जवळ धरला.

“टोक एवढं वाकडं नव्हतं याचं,” तो म्हणाला.

आपण काय बोलून गेलो हे कळलं तसा तोर्मोद कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

“कधी नव्हतं?” मर्डिनानं विचारलं.

“म्हणजे... सहज आपलं...”

“तोर्मोद! कधी नव्हतं?”

“वाकलं ते दोन वर्षांपूर्वी,” गल्ल्यामागून पेगीच बोलून गेली, आणि तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

“तीन,” दारातला म्हातारा हेक्टर म्हणाला. “मेंढ्या कातरायच्या आधीच्या रविवारी पाहिला तेव्हा वाकलेलं होतं.”

मग सगळेच एकदम बोलायला लागले! पेगीनं त्याला पडद्याच्या फटीतून पाहिला होता. हेक्टरनं गोठ्यामागून. शिक्षिकाबाईंनी चर्चच्या खिडकीतून, तेही प्रार्थना चालू असताना. सगळ्यांनी रविवारीच. आणि दुसऱ्या कुठल्या दिवशी येणार तो? आठवड्यातून तेवढा एकच दिवस खाडीत इंजिनाचा आवाज नसतो. अख्ख्या गावानं वर्षानुवर्षं त्याला पाहिला होता आणि रविवारी आपण बाहेर टक लावून बसतो हे कबूल करायला नको म्हणून एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

“अकरा वर्षं!” मर्डिना ओरडली. “अकरा वर्षं मला पाइप म्हणालात! आणि तू, तोर्मोद? तू कधीपासून?”

तोर्मोद खाली बघत म्हणाला, “तू पाहिलास त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, पाहिला होता मी. शाळेच्या त्याच खिडकीखालून.”

मर्डिना त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. मारते की काय, असं वाटलं. तिला मारावंसंही वाटत होतं, ते तिनं नंतर मला स्वतः सांगितलं. पण त्या लाल झालेल्या पंचाकडे बघता बघता तिच्या पोटातून जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. ती पिठाच्या पोत्यावर बसली आणि डोळे पुसत पुसत हसली.

“इशबेल,” शेवटी ती म्हणाली, “वही आणलीयेस ना? काढ. यांच्या नोंदी घे.”

इशबेलनं पेन काढलं. “तारखा जमतील तशा सांगा. नावं मी नाही घातली तरी चालेल.”

“चालणार नाही,” मर्डिना म्हणाली. “पाहिला त्यानं नाव सांगायचं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. तोर्मोद, हो पुढे.”

तोर्मोदनं टोपी काढली, घसा खाकरला आणि चर्चमध्ये सांगावं तसं आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगितलं. त्याच्यामागे रांग लागली.