हलक्या बंदुकीची चंद्रकोर

आता काय सांगू तुम्हाला, आमच्या घरात माझं कुणी खरं मानतच नाही! चौथी शिकलेली बाई, तिला बंदुकीतलं काय कळणार?

आमचे जावई राहुलराव इथे अमेरिकेत, नोव्हायला, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. हरणाच्या शिकारीचं खूळ डोक्यात शिरलं आणि माझ्या काडीसारख्या प्रीतीसाठी त्यांनी बेसमेंटमध्ये बंदूक बनवायला घेतली. लाकडी दस्ता काढून कार्बन फायबरचा बसवला. नळी बारीक घातली, वर नेम धरायची दुर्बीण. रोज काट्यावर ठेवायचे. बाळाचं वजन वाढलं की आपण नाचतो ना? हे बंदुकीचं कमी झालं की नाचायचे!

मी म्हटलं, "जावईबापू, हलकी बंदूक जोरात लाथ मारेल. पोरीचा खांदा निखळेल."

"आई, मी सगळं कॅल्क्युलेट केलंय. फिजिक्स आहे ते."

"माझा हलका मिक्सर ओट्यावर नाचत सुटतो. जुना जड होता, तो जागचा हलत नव्हता. तुमच्या फिजिक्समध्ये मिक्सर येत नाही का?"

"आई, प्लीज! स्टॉप इट!" ही आमची प्रीती.

बरं! मी गप्प बसले. म्हणजे तोंडाने. हाताने जुन्या नऊवारीची जाडजूड गादी शिवली, खांद्याला बांधायची. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणावळीत डबे हरवायला लागल्यापासून मी माझ्या प्रत्येक वस्तूवर नाव घालते. गादीच्या मागेही लाल दोऱ्याने घातलं.

शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पहिला बार जावईबापूंचा. धाड! बंदूक उसळली आणि इंजिनिअर स्टुलासकट मागे! "आई गं!"

"इथेच आहे मी," म्हटलं. "बोला, मिक्सर की फिजिक्स?"

"मिक्सर, आई," खांदा चोळत म्हणाले. काय सांगू, कान तृप्त झाले!

तिथेच थांबायचं की नाही? पण प्रीतीने बंदुकीकडे हात नेला आणि मी तिला मागे ओढलं. "आधी मी. माझ्या गादीसकट. मला काही झालं नाही तरच तू."

राहुलराव ओरडले, "आई, डोळा दुर्बिणीपासून लांब ठेवा!"

"खांदा सांभाळा आधी स्वतःचा!"

गादी एवढी जाड, की बंदूक पुढे गेली आणि दुर्बिणीतून काही दिसेना. मग मी मान लांब केली, डोळा पार भिडवला आणि चाप ओढला. धाड! खांद्याला ढिम्म कळलं नाही! गोळी थेट कागदी हरणाच्या छातीत! पण मऊ गादी दबली, बंदूक सरकत मागे आली आणि दुर्बिणीची गोल कड टण्णकन बसली कपाळावर. भुवयांच्या बरोब्बर मधोमध.

दुसऱ्या दिवशी राहुलरावांनी निमूटपणे जड नळी बसवली. लेकीचा खांदा वाचला. जिंकलं कोण? मीच!

फक्त मंडळाच्या दिवाळीत बायकांनी घेरलं. "काकू, चंद्रकोर काय रेखीव आहे हो! इंडियाहून मागवली?"

घरी येऊन मी कडाडले, "हे कपाळ फोडलं कुणी? बंदुकीने? दुर्बिणीने? की तुमच्या फिजिक्सने?"

राहुलरावांनी गादी उचलली, उलटी केली आणि लाल दोऱ्यातलं नाव मोठ्याने वाचलं.

"सौ. शकुंतला."