मोटारीला धाडलेलं आवतान

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरायला लागलं की काठावरची माणसं पंपाच्या मोटारी उचलून पाण्यामागं नेतात. तेव्हा ज्याला त्याला सिद्राम लागतो. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढून नवी भरायची, हा त्याचा धंदा. पण गडी मुळातला चौकस. मोटार चालू झाली तरी ती जळाली कशानं, हे कळल्याबिगर त्याच्या हातून सुटायची नाही, आणि गिऱ्हाईक बाकड्यावर जांभया देत बसायचं.

काठावरच्या बहुतेक मोटारींना मोबाईल स्टार्टर त्यानंच बसवले. एक पेटी, आत सिमकार्ड. मालकानं घरातून फोन लावला की मोटार चालू, परत लावला की बंद. मालकाचा नंबर पेटीत सिद्रामच भरून द्यायचा. परक्याचा फोन आला तर पेटी ढिम्म.

आणि यंदा धोंडीरामाची मोटार भर दुपारी आपली आपण चालू झाली. पाणी मागं गेलेलं, पाइपाचं तोंड चिखलात. मोटार कोरडी फिरून जळाली. धोंडीराम पारावर सगळ्यांदेखत बोलला.

"पेटीचं सगळं म्हाईत मला आन् सिद्रामाला. मी तर जेवत हुतो. मग चालू केली कुनी?"

एवढं पुरलं. लोक सिद्रामाला मोटारीजवळ येऊ देईनात. आता मोटार भरणाऱ्याला मोटारीपाशीच जायची बंदी झाल्यावर त्यानं दुकान उघडून करायचं काय?

तो भांडायला गेला नाही. धोंडीरामाच्या बायकोकडनं, बजाबाईकडनं, ती पेटी मागून आणली. दुकानात तिला मोटारीच्या जागी बल्ब जोडला. मग बायकोच्या, मीनाबाईच्या फोनवरनं फोन लावला. परका नंबर, तरी बल्ब भक्कन पेटला. म्हणजे पेटीला मालकच आठवत नव्हता. त्यानं नंबर पुन्हा भरला, तशी पेटी शहाण्यासारखी वागू लागली.

आता त्याला जेवण गोड लागेना. बजाबाईकडं जाऊन त्यानं खोदून खोदून विचारलं, त्या दुपारी घरात काय काय झालं. विशेष काही नाही, ती म्हणाली. नातीच्या, सृष्टीच्या जावळाचं आवतान धाडत होते. थोरामोठ्यांकडं बटणांचे फोन, म्हणून साधा मेसेजच धाडला.

"कुनाकुनाला धाडला, वैनी?"

"फोनात हुती तेवड्या समद्यास्नी. एकेक निवडत कोन बसतंय?"

फोनात 'मोटार' या नावानं मोटारही होती.

सिद्राम तडक दुकानात आला. आधी पेटीला नुसतं 'या' असं लिहून धाडलं. काही नाही. मग त्याला स्वतःला आलेलं आवतान धाडलं, कुलदैवताच्या कृपेपासून ते झाडून साऱ्या भाऊबंदांच्या नावांपर्यंत. बल्ब पेटला.

त्यानं पुण्याला पेटी बनवणाऱ्या कंपनीत फोन लावला. प्रतीक्षा नावाच्या इंजिनिअर पोरीला आधी खरं वाटेना. तिनं तेच आवतान आपल्या टेबलावरच्या पेटीला धाडून बघितलं आणि घाईनं फोन केला. तिचं म्हणणं असं, की पेटीतल्या चिपमध्ये मेसेजला ठरावीक जागा असते, आणि आलेला मेसेज त्यात मावतो का, हे चिपमधला प्रोग्राम मोजतच नाही. पेटी तपासताना कंपनीनं इंग्रजीतले चार-दोन शब्द धाडले होते. मराठी अक्षराला जागा जास्त लागते, त्यात हे लांबलचक आवतान. उरलेलं शेजारच्या जागेत सांडलं, जिथं मालकाचा नंबर आणि चालू-बंदची खूण होती.

"म्हंजे वाफा भरला, पर पानी मोडून दुसरीकडं वळवायला मानूसच न्हाय," सिद्राम म्हणाला. "शेजारच्या वाफ्यात पेरलेलं गेलं की वाहून."

तसंच काका, ती म्हणाली. हीच चिप आणखी कुठल्या कुठल्या यंत्रांत आहे. नवा प्रोग्राम येईपर्यंत ही गोष्ट फोडू नका.

इथं सिद्राम अडकला. पारावर बल्ब पेटवून दाखवला असता तर नाव धुऊन निघालं असतं. पण बांधावरनं बोलणं सोडलेले भाऊ काठावर कमी नव्हते. कुणीही उठून कुणाचीही मोटार जाळली असती. म्हणून त्यानं दारोदार जाऊन एवढंच सांगितलं, की पेटीतली सिमं काढा, मोटार हातानं चालू करा. का, ते सांगेना. धोंडीरामाचा चुलतभाऊ अमृत म्हणाला, चोर आता किल्ल्या गोळा करत फिरतोय.

धोंडीराम आणि बजाबाईला मात्र त्यानं खरं सांगितलं. धोंडीराम खाली बघत राहिला. सोयऱ्यांत हसं हुईल, गप ऱ्हावा, म्हणाला. बजाबाई ऐकत भाकरी थापत होती.

जावळाच्या पंगतीत अमृतनं पुन्हा तोच विषय काढला. बजाबाई आमटीची बादली घेऊन वाढत होती. ती त्याच्या पुढ्यात थांबली.

"मोटार म्या चालू केली. माज्या फोनावनं. सिद्राम भावजींचा काय बी संबंध न्हाय. कसं ते इचारू नगा. आन् सिमं काडा मुकाट्यानं, न्हायतर उद्या तुमची बी चालू करीन."

धोंडीरामानं मान वर केली नाही, पण नाहीही म्हणाला नाही. सारी पंगत हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी अमृत दुकानात आला. सिम बाकड्यावर ठेवलं आणि तिथंच घुटमळत राहिला.

"वैनीनं केलं कसं रं?"

"नवा प्रोग्राम आला की सांगतो," सिद्राम म्हणाला. "तवर तुजी मोटार बघाया येऊ का?"

"ये की," अमृत म्हणाला.