भांडण बंद पडलं तेव्हा

आमच्या गुजरातमधल्या डिंडोलीच्या घरात मी आणि सासूबाई रोज भांडायचो. कारण लागायचंच असं नाही. दोघीही जळगावकडच्या, दोघींची तोंडं तिखट. नवरा सकाळी कापडाच्या लूमवर कामाला गेला की आमचा दिवस सुरू व्हायचा.

मग एका वर्षी मी हळूहळू गप्पच झाले. घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम घ्यायचे, त्यात हात चालेनात. मे महिन्यात शेजारणी पदराने वारा घेत बसायच्या आणि मी चादर पांघरून. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, केस मूठमूठ गळायचे. सासूबाई काहीही बोलल्या तरी मी "बरं" म्हणायचे. नवरा म्हणाला, "चला, देवाने सुबुद्धी दिली!" नणंद फोनवर म्हणाली, वहिनी किती निवळली. या सगळ्यांचा मला राग यायला हवा होता, तर तोही येईना. त्याचीच भीती वाटायची. मी आतून विझत चालले होते आणि लोक कौतुक करत होते.

गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ताकदीची बाटली चढवली. दुसरे म्हणाले, टेन्शन घेऊ नका. टेन्शन घ्यायला तरी अंगात त्राण हवं ना!

शेवटी सासूबाईच मला हाताला धरून उधन्याला एका गुजराती डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी सांगून टाकलं, "इले काहीतरी व्हयेल शे. भांडत नही ती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई हसल्या नाहीत. थंडी वाजते का, पोट साफ होतं का, सगळं विचारलं, गळा चाचपला आणि रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा म्हणाल्या, "बा साची वात करे छे," म्हणजे सासूबाईंचंच खरं होतं. माझं थायरॉइड मंदावलं होतं.

गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, आणि त्यावर अर्धा तास चहा नाही. तेवढा वेळ सासूबाई चहाच्या पातेल्यापाशी पहारा द्यायच्या. मध्ये पुन्हा रक्त तपासून बाईंनी गोळी वाढवली. पुढे चादर सुटली, हात चालू लागले.

एका रविवारी मी भरतासाठी वांगी भाजली आणि सासूबाईंनी साल लवकर निघावी म्हणून ती चक्क नळाखाली धरली! माझं डोकंच फिरलं. "जन्म खान्देशात गेला आणि भाजलेलं वांगं धुता? सगळी चव गेली ना गटारात! आता काय पाणी खायचं भाकरीबरोबर?" समोरच्या घरातल्या बाया दारात आल्या.

मी उत्तराची वाट बघत कमरेवर हात ठेवून उभी. सासूबाईंच्या हातातल्या वांग्यांतून पाणी गळत होतं आणि डोळ्यांतूनही.

"बोल माय," त्या म्हणाल्या, "आखो बोल, अजून बोल."

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण मी पदराने त्यांचे डोळे पुसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या भांडण जिंकल्या.