एकाच ट्रेमधल्या दोन केबल

नात हॉस्पिटलात नोकरीला आहे म्हटलं, की लोक विचारतात, "डॉक्टर का?" मग "नर्स?" दोन्ही नाही. ती तिथल्या दोन फायरवॉल सांभाळते. म्हणजे कॉम्प्युटरच्या वाटेवरचे दोन द्वारपाल. येणारीजाणारी सगळी माहिती तपासूनच सोडायची. एक काम करतो, दुसरा तयारीत असतो. दोघं वेगवेगळ्या मजल्यांवर, आणि मधे एक केबल. तिच्यावरून ते सारखं एकमेकांना विचारतात, "आहेस ना रे?" "आहे रे."

एवढं कळायला मला दोन रविवार लागले. पोर काही कंटाळली नाही.

"आणि ती केबलच तुटली तर?" मी विचारलं.

"तर दोघांनाही वाटतं, दुसरा गेला. दोघंही मुख्य होऊन बसतात आणि सावळागोंधळ."

"आमच्या वर्गात एकदा दोन मॉनिटर नेमले होते. दोघंही 'गप्प बसा' म्हणून एवढे ओरडायचे की मास्तरच बाहेर जाऊन बसायचे."

"अगदी तस्सं, आजोबा. म्हणून आता दुसरी केबल टाकतेय."

घरात तिला आम्ही परतबघी म्हणतो. कुलूप लावून जिना उतरली, की परत वर येऊन ओढून बघणार. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती आणि दुसरी केबल हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. चाचणी झाली की साहेब ठरवणार, ठेवायची की निरोप द्यायचा.

चाचणी सकाळी अकराला. त्याच दिवशी तिथेच माझे डोळे तपासायचे होते. डोळ्यांत थेंब घालून मला तिच्या खोलीत आणून बसवलं. दिसत होतं सगळं धुक्यातलं, पण कान शाबूत होते.

पावणेअकराला वायरमन आला. "ताई, जिन्याजवळचा ट्रे दुपारी उतरवतोय, वरचा पाण्याचा पाइप बदलायचाय. तुमच्या दोन्ही केबल त्यातच ना? काय देखण्या बांधल्यात, एकीला एक चिकटून. सोडवायला जिवावर येतंय."

नातीनं केबलचा नकाशा परत उघडून बघितला. मग हळूच म्हणाली, "दोन्ही एकाच ट्रेमध्ये."

तिला नीटनेटकेपणाची भारी हौस. त्या हौसेनं नवी केबल जुनीच्या शेजारून नेऊन दोन्ही प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळल्या होत्या. ट्रे म्हणजे केबल ठेवायची भिंतीवरची पत्र्याची पन्हळ; ती निखळली की दोन्ही एकदम जाणार.

"घाबरता कशाला?" वायरमन म्हणाला. "साहेब एकच केबल उपटून बघणार. ट्रे मी उद्या उतरवतो."

"आणि परवा कुणी त्याला धक्का दिला तर?"

तेवढ्यात साहेब आले. "चला मॅडम."

"सर, चाचणी आत्ता नको. दुसरी केबलही मी पहिलीच्याच ट्रेमधून नेलीय. चुकलंच माझं."

"नकाशा मी पाहिला होता. दोन रेघा होत्या."

"रेघा दोन होत्या सर, वाट एकच."

साहेब खुर्चीत बसले. ती चांगलीच करकरली. "किती वेळ?"

"लिफ्टच्या बाजूला रिकामा पाइप आहे, नवी केबल त्यातून घेते. तीन तास."

"तुमच्याबद्दलचा अहवाल मला आजच पाठवायचाय."

"जे झालं ते लिहा, सर."

मला खोकला आवरेना. साहेब म्हणाले, "हे कोण?"

"माझे आजोबा. डोळ्यांत थेंब घातलेत."

"कानात नाही ना घातले?"

"नाही साहेब, ते चालू आहेत," मी म्हणालो.

तीन तासांचे साडेतीन झाले. वायरमन वरून नवी केबल सोडत होता, नात खालच्या मजल्यावर पोटावर झोपून ओढत होती, आणि तिचा डबा मी संपवला. मग साहेब म्हणाले, "नुसती केबल नको उपटायला. ट्रेच उतरवा." वायरमननं जुनी केबल काढून अख्खा ट्रे खाली घेतला. साहेब पडद्यासमोर उभे. काम करणारा काम करत राहिला, तयारीतला तयारीत.

फोन वाजला. एक्स-रेवाली बाई विचारत होती, "तुमची ती चाचणी कधी सुरू होणार? कॉम्प्युटर बंद पडतील म्हणून आम्ही कधीचे ताटकळलोय."

"झालीसुद्धा," नात म्हणाली.

साहेबांनी तिथेच अहवाल लिहिला. चूक लिहिली, आणि ती कुणी सांगितली तेही. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात मागच्या इमारतीचं काम आहे. तिथला नकाशा आधी तुम्ही बघा, मग मी सही करीन."

"पण सर, माझे सहा महिने याच आठवड्यात संपतात."

"ते कागद आजच जातायत. कायम म्हणून."

वायरमन म्हणाला, "ताई, चला, तिथले ट्रे आत्ताच दाखवतो. नकाशात काय, दोन रेघा कुणीही काढतो."