करी रोडची फोर बाय फोर

जुनी जीप खोलून परत जोडली की दर वेळी दोन-चार नट-बोल्ट उरतात. कुठले, कुठून आले, कोणालाच आठवत नाही, आणि गाडी त्यांच्याशिवाय मजेत चालते! दिग्या ते सगळे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकतो. डबा भरला की पुन्हा श्रीखंड आणतो. आमच्या किश्शांचंही तेच झालंय. रविवारी तिघं जमून काहीतरी खोलायचं, आणि संध्याकाळी एखादा किस्सा हातात उरलेला असतो.

तिघं म्हणजे दिग्या परब, केळकर आणि मी, वैजू. माटुंग्याच्या कॉलेजात एकाच ग्रुपमध्ये होतो. दिग्या करी रोडचा. त्याच्या चाळीचा टॉवर झाला, पण दिग्या चाळीतलाच राहिला. केळकर माटुंग्याचा, म्हणजे कुठल्याही विषयावर चार व्हिडिओ बघून मगच तोंड उघडणारा. मी गिरगावची, विम्याच्या ऑफिसात काम करते. आमच्या गल्लीत गाडी चालवायला शिकलेला माणूस जगात कुठेही रिव्हर्स घेऊ शकतो, म्हणून गाडी मागे घ्यायची वेळ आली की स्टिअरिंग माझ्याकडे!

जीप कशाला घेतली ते आधी सांगते, नाहीतर आम्ही नुसतेच वेडे वाटू. दिग्याचे वडील, तात्या, गिरणीतून रिटायर झालेले. गाव कुडाळच्या पुढे बरंच आत. घर टेकडीवर. शेवटी एक व्हाळ लागतो, म्हणजे ओढा. तो पार करायचा आणि मग दगडाधोंड्यांतून उभा चढ. तात्यांचे गुडघे गेले आणि घर सुटलं. गावातली मुलं म्हणाली, खुर्चीत बसवून उचलून नेतो. तात्या भडकले. "चौघांच्या खांद्यार मी एकदाच जातलंय. आनि तेका अजून येळ आसा!"

 थोड्या दिवसांनी दिग्या एका लिलावातून ही जीप घेऊन आला. तात्यांना स्वतःच्या घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, नेऊन सोडायचं, बस्स, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आम्हाला मात्र त्याने "ऑफरोडिंगची हौस" असं सांगितलं होतं. इतकं वाईट खोटं मी विम्याच्या क्लेममध्येही वाचलेलं नाही.

जीप आली त्या दिवशी तात्या काठी टेकत खाली उतरले. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"दिगू, हेका दारां खंय आसत?"

"ऑफरोड गाडीला दारं नसतात, तात्या."

"आनि मी भायर पडलंय तर?"

"पट्टा लावू ना! कसे पडाल?"

"तू पाळन्यातसून पडलेलंस," तात्या म्हणाले. "तेका तर चारय बाजून कठडो होतो!"

*

दिग्याने पहिलं काम काय केलं असेल, तर गाडीवर मोठ्या अक्षरांत "४ बाय ४" रंगवून घेतलं. पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना. आत गिअरच्या शेजारी फोर बाय फोरची वेगळी लिव्हर होती. ती ओढताना दिग्याचा चेहरा विमान उडवल्यासारखा व्हायचा.

एकदा कर्जतच्या बाजूला एका चिखलाच्या चढावर सरावाला गेलो. गाडी मध्येच रुतली. केळकर खाली उभा राहून ओरडतोय, "फोर बाय फोर टाक!"

"टाकलंय!"

"मग पुढची चाकं का फिरत नाहीयेत?"

"मला काय विचारतोस? त्यांना विचार!"

एवढ्यात मोपेडवर अंड्यांचे ट्रे बांधलेला एक माणूस आमच्या शेजारून टुकटुक करत वर गेला. वर पोचल्यावर थांबला, मागे वळला, गाडीवरची अक्षरं नीट वाचली आणि निघून गेला. हसला असता तरी परवडलं असतं.

शेवटी केळकर चिखलात आडवा होऊन गाडीखाली शिरला. पुढच्या चाकांना फिरवणारा एक लांब शाफ्ट असतो. तो तिथे नव्हताच! कित्येक महिने आम्ही नुसतीच लिव्हर ओढत होतो.

ट्रॅक्टरने बाहेर निघालो ते थेट परळला, सलीमभाईंच्या गॅरेजवर. दिग्या तणतणत आत शिरला. "सलीमभाई, शाफ्ट किधर है?"

सलीमभाईंनी आधी चहा संपवला. "अंदर है, संभालके रखा है. आपने ही तो बोला था ना, आगे से आवाज आता है, बंद करो!"

*

चढासाठी गाडी उंच हवी, म्हणून मोठे टायर घातले, स्प्रिंगा उचलल्या. जीप चांगली वर गेली आणि आम्ही तिच्यासोबत फोटो काढले. मग तिला पार्किंगमध्ये ठेवायला गेलो. टॉवरमध्ये गाड्या एकावर एक ठेवतात. लोखंडी सांगाड्यात खाली एक आणि वरच्या पाळण्यात एक. जीपच्या टपाचा पाइप नेमका दोन बोटं वर येत होता!

उपाय केळकरने काढला. वाळूत गाडी चालवताना टायरमधली हवा कमी करतात. टायर बसतात, गाडीही थोडी बसते. झालं! गाडी ठेवताना चारही चाकांची हवा सोडायची आणि काढली की पंपाने भरायची. राजस्थानातली विद्या आम्ही करी रोडच्या तळघरात वापरत होतो.

मग एक नवा वॉचमन आला. सज्जन माणूस. पहाटे राउंड मारताना बघतो तर बिचाऱ्या गाडीचे चारही टायर बसलेले. त्याला दया आली. कुठूनतरी पायाने मारायचा पंप आणला आणि चारही टायर टम्म केले.

सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी मयेकर सूट घालून खाली आले. त्यांची गाडी बरोब्बर जीपच्या वर. बटण दाबतात तर मशीन हलेना. लाल दिवा, भोंगा, सगळं सुरू. जीपचा पाइप वरच्या पाळण्याला जाऊन भिडला होता. दिग्या बनियनवर धावत आला आणि खाली बसून हवा सोडायला लागला. मयेकर घड्याळ बघत ओरडतायत, "लवकर सोडा हो, परब!" वॉचमन पलीकडून कळवळतोय, "साब, ये क्या कर रहे हो?"

दिग्याने ओशाळून त्याच्या हातात बक्षीस ठेवलं. त्याने ते परत केलं.

"पैसा नहीं चाहिए, साब. बस, मेरे सामने मत निकालो!"

*

व्हाळ पार करायचा म्हणून स्नॉर्कल बसवला. म्हणजे टपापर्यंत गेलेला एक पाइप, ज्यातून पाण्यातही इंजिनाला हवा मिळते. त्याची चाचणी घ्यायला लोक नद्या शोधत फिरतात. आम्हाला परळ पुरलं. पाणी तुंबल्याची बातमी आली तशी सगळी दुनिया घरी पळत होती आणि केळकर फोनवर आनंदाने ओरडत होता, "वैजू, खाली ये, पाणी मस्त आहे!"

मी ऑफिसमधून तशीच निघाले. गाडी पाण्यात शिरली. इंजिन एकदाही अडखळलं नाही, हे खरं. पण गाडीला दारं नाहीत, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं! मी सीटवर कमरेपर्यंत पाण्यात. केळकर पाइपकडे बोट दाखवून म्हणतोय, "बघ, इंजिन कसं कोरडं आहे!" त्याला मी काय म्हटलं ते छापता येणार नाही.

तेवढ्यात माझा डबा पिशवीतून सुटला आणि तरंगत निघाला. डिव्हायडरवर एक गृहस्थ पँट वर करून उभे होते. त्यांनी डबा पकडला, उघडला, आत बघितलं.

"भेंडी आहे," असं म्हणून त्यांनी तो परत दिला.

*

गाडी अडकली तर ओढून काढायला पुढच्या बाजूला विंच लावला. विंच म्हणजे मोटरवर गुंडाळला जाणारा लोखंडी दोर. तो आल्यापासून दिग्या अडकलेली वस्तू शोधत फिरायचा. माझी काकू गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. तिचं लोखंडी कपाट खाली आणायचं होतं आणि ते जिन्यातून वळत नव्हतं. मी हे दिग्यासमोर बोलले, इथेच चुकले!

जीप चाळीकडे तोंड करून उभी केली. दोर वर नेऊन गॅलरीच्या तुळईला लावलेल्या कप्पीवरून घेतला आणि कपाट बांधलं. केळकरने वहीत गणित मांडलं. जीपचं वजन एवढं, कपाटाचं तेवढं, म्हणजे चिंता नाही. कपाट गॅलरीबाहेर लटकलं आणि हळूहळू खाली येऊ लागलं. अख्खी चाळ कठड्यावर. गणितात फक्त हँडब्रेक नव्हता. तो गाडीतही नव्हता म्हणा, नुसता दांडा होता. त्यात गल्लीला चाळीकडे उतार. कपाट खाली यायला लागलं, तशी जीप पुढे जायला लागली.

दिग्या ब्रेकवर उभा. काकू वरून ओरडतेय, "अरे, आरसा सांभाळा!" सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा कपाट जीपच्या बॉनेटवर सरळ बसलं होतं, आरसा ड्रायव्हरच्या बाजूला. दिग्या त्यात स्वतःचा चेहरा बघत बसला होता.

केळकरने वही मिटली आणि म्हणाला, "कॅल्क्युलेटेड."

*

आता खरा प्रश्न. तात्या चढणार कसे? गाडी एवढी उंच केल्यावर त्यांचा गुडघा पायरीपर्यंतही जाईना. दिग्याने स्टूल ठेवून बघितलं, फळी लावून बघितली. तात्या फळीकडे बघून म्हणाले, "माका काय म्हशीसारख्या टेम्पोत चढवतंस?" दिग्या त्या दिवशी जेवला नाही, असं त्याची बायको शर्मिला म्हणाली. मला वाईट वाटलं. इतकं सगळं करून एका पायरीपाशी येऊन अडायचं म्हणजे काय!

मग लालबागला एक जुनं सलून बंद होत होतं. दिग्याने तिथली न्हाव्याची खुर्ची उचलली. पायाने दांडा दाबला की वर जाणारी, सोडला की खाली येणारी. सलीमभाईंनी ती जीपच्या मागच्या बाजूला अशी बसवली की आधी बाहेर सरकवून खाली घ्यायची, माणूस बसला की पंप मारून वर आणि मग आत. 

तात्यांनी खुर्ची बघितली. मान टेकवायची ती उशी हाताने दाबून बघितली.

"माका खंय नेतंस? गावाक की दाढी करूक?"

पण बसले! लालबागपर्यंत फेरी मारायला निघालो. एक गोष्ट सगळेच विसरलो होतो. न्हाव्याची खुर्ची गोल फिरते. पहिल्याच वळणाला तात्या सावकाश मागे फिरले. आम्ही पुढे बघतोय आणि तात्यांचं तोंड मागच्या बसच्या ड्रायव्हरकडे. सिग्नलला मागून जोरजोरात बोलणं ऐकू आलं म्हणून वळले, तर ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकलेला. तोही कुडाळचाच निघाला, आणि तात्या त्याच्या आईला ओळखत होते!

सिग्नल सुटला तरी दोघंही हलायला तयार नाहीत. मागे हॉर्नवर हॉर्न. तात्या दिग्याला म्हणाले, "थांब रे जरा. तेच्या आवशीचा बोलना चल्ला हा!"

*

खुर्चीला खिट्टी लावली आणि शेवटी निघालोच. तात्या आणि शर्मिला रेल्वेने कुडाळला, आम्ही तिघं जीपने. ती वाटेत कितीदा बंद पडली ते सांगत नाही. स्टेशनवर तात्यांना खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. दिग्याने टायर तपासले, शाफ्ट आहे ना ते वाकून बघितलं. पांढरा पडला होता. शर्मिला माझ्या कानात म्हणाली, "दहावीच्या रिझल्टलाही हा असा नव्हता, असं तात्या म्हणतात."

गावाची शेवटची वाडी मागे पडली. वळण घेतलं आणि दिग्याने ब्रेक मारला.

डावीकडे व्हाळ होता, पलीकडे दगडांतून जाणारी जुनी वाट. आणि उजवीकडे, छोट्या पुलावरून, नवाकोरा पांढरा सिमेंटचा रस्ता थेट टेकडीवर गेला होता. आम्ही बघत असतानाच वरून एक रिक्षा खाली आली. तिच्यात एक बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती.

दिग्याचा चुलतभाऊ बाळा पुलावर उभा होता, दोन्ही हात पसरून.

"कसो वाटलो रस्तो? मुद्दाम सांगलंय नाय! दर ग्रामसभेत उभो ऱ्हवान सांगी होतंय, मुंबयसून तात्यांची जीप येतली, रस्तो होयो, जीप येतली, रस्तो होयो! शेवटाक झालो! तुमच्या जीपमुळा झालो!"

  दिग्याने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. इतकी वर्षं ओळखते मी त्याला. रडणार नव्हता, पण फार लांबही नव्हता.

मागून खुर्ची करकरली. तात्यांनी रस्त्याकडे बघितलं. मग पुढे वाकून बराच वेळ लेकाच्या पाठीकडे बघितलं.

"दिगू, चालू कर."

दिग्याने गाडी चालू केली आणि पुलाकडे वळवली.

"थंय खंय? व्हाळातसून घे."

"तात्यानू!" बाळा धावत आला. "रस्तो आसा मरे! व्हाळातसून आता कोन जाना नाय!"

"रस्त्यान रिक्षा जातत," तात्या म्हणाले आणि त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "झिला, घे व्हाळात."